अमरावतींतील चौकनामें व रंगभूमि

भरतमुनींनीं नाट्यगृहाचे विकृष्ट, चतुरस्र व त्र्यस्र असे तीन प्रकार सांगितले आहेत. अमरावतीनें त्यांत 'चौक' या चौथ्याची भर घातली, असें विनोदानें म्हणतां येईल. राजकमल, श्याम, चित्रा हे येथील चौक चित्रपटगृहांच्या नांवांनीं ओळखले जातात. स्थलनामें हें इतिहासाचें साधन असेल, तर हींहि नोंदलीं पाहिजेत.

परंतु या नगराचा रंगभूमीशीं संबंध बोलपटांपूर्वींचा होय. येथील देशभक्त वीर वामनराव जोशी यांचें 'राक्षसी महत्त्वाकांक्षा' हें नाटक १९१३ सालीं ललितकलादर्श मंडळीनें केलें. त्यांत मृणालिनी केशवराव भोसले. १९२७ सालीं 'रणदुंदुभि' बलवंत मंडळीनें रंगभूमीवर आणिलें. त्यांत तेजस्विनी दीनानाथ मंगेशकर. १८७६ च्या नाट्यप्रयोगविषयक कायद्याचा धाक असतां पारतंत्र्याचें शल्य काल्पनिक राज्यांच्या कथेंतूनच बोलावें लागे, हें ध्यानीं घेतल्यावांचून हीं नाटकें नीट उमगत नाहींत. अकोल्यास वकिली केलेल्या श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचा मार्ग निराळा; त्याचा विचार स्वतंत्रपणें व्हावा.

चौकांचीं नांवें टिकलीं. प्रयोगांचीं हस्तपत्रकें मात्र नाहींशीं होत आहेत. एका घरचा असा गठ्ठा रद्दींत गेल्याचें मला दुसऱ्या दिवशीं कळलें. ज्यांच्या माळ्यावर अद्याप कांहीं असेल, त्यांनीं तें मंडळाकडे निदान पाहावयास तरी पाठवावें.