चंचीतला मान

वसई प्रांत 1534 ते 1739 पोर्तुगिजांकडे होता. अमेरिकेतली तंबाखू हिंदुस्थानात आणली तीही त्यांनीच. सतराव्या शतकाच्या आरंभी ती विजापुराहून अकबराच्या दरबारी पोचली आणि 1617 मध्ये जहांगीराने तिला मनाई केली. म्हणजे तंबाखूबंदीही आपल्याकडे चांगली चारशे वर्षांची. राजोडीच्या वाड्यांत मजुरीला येणाऱ्या आणि तुंगारेश्वराच्या पायथ्याच्या पाड्यांवर राहणाऱ्या म्हाताऱ्या वारल्यांशी मी गेली काही वर्षे बोलतो आहे. त्यांच्या कमरेची चंची पाहून मला वेगळाच प्रश्न पडतो. समुद्रावाटे आलेली ही वस्तू रानातल्या माणसाच्या मानपानात इतकी खोल कशी शिरली?

'व्यसन' म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण डी. सिमिंग्टन यांचा 1939 चा अहवाल किंवा गोदावरी परुळेकरांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' वाचल्यावर ते जमत नाही. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवराबायको सावकाराकडे वर्षानुवर्षे राबत. त्यांना लग्नगडी म्हणत. पावसाळ्यात घरातला दाणा संपला की खावटी घ्यायची आणि सुगीला ती वाढीदिढीने फेडायची. अशा पोटाला तंबाखूचा आधार होता. तिने भूक मरते, हे शास्त्राने पुढे सांगितले. राबणाऱ्याला ते आधीच ठाऊक होते, आणि राबवणाऱ्यालाही. "भाकर उशिरा आली तरी चालायचं, चिमूट वेळेवर मिळायची," असे एका आजोबांनी आपल्या बापाच्या मजुरीबद्दल सांगितले. 23 मे 1945 रोजी झरीच्या सभेत वारल्यांनी वेठ नाकारली. वेठ गेली, चिमूट मात्र राहिली.

ती राहिली याचे कारण एव्हाना तिला दुसरे काम लागले होते. पाड्यावर पाहुणा आला की आधी पाणी, मग चंची. आपट्याच्या पानात तंबाखू वळून केलेली विडी एकाने पेटवायची आणि दुसऱ्याच्या हाती द्यायची. सोयरिकीची बोलणी, बांधाचा तंटा, भगताची भेट, काहीही असो, चंची सुटल्याशिवाय तोंड उघडत नाही. पुढे केलेली चिमूट नाकारणे म्हणजे संबंध नाकारणे. पांढरपेशा घरात बाईच्या हाती विडी दिसली तर गहजब होईल. इथे म्हातारी चारचौघांत ओढते, आणि सकाळची मशेरी तर तिच्या लेखी दात घासणेच.

वय झालेल्या माणसाला आता ताडावर चढता येत नाही, आवणीत वाकवत नाही. धवलेरीची लग्नगीते ऐकायला नातवंडांना सवड नाही. आल्यागेल्याला देण्यासारखे त्याच्या हाती उरते काय? एक चिमूट. माझ्या मते म्हातारपणी तंबाखू न सुटण्याचे सर्वांत बळकट कारण हेच आहे. निकोटीन त्याच्या मागून येते.

याची किंमत मोठी आहे, हे मी नाकारत नाही. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले 26.6 टक्के प्रौढ तंबाखू वापरणारे निघाले; ओढणारे फक्त 3.8 टक्के, बाकी बहुतेक चघळणारे किंवा मशेरी लावणारे. गालातल्या पांढऱ्या चट्ट्याकडे म्हातारी माणसे दुर्लक्ष करतात. घास गिळेनासा झाला की मगच परळच्या टाटा रुग्णालयाचे नाव निघते, आणि लोकलचा तो प्रवास मजुरी बुडवून सोबत येणाऱ्या मुलाला परवडत नाही. 2012 मध्ये राज्याने गुटखा बंद केला, तरी साधी तंबाखू आणि चुना दुकानात राहिलाच. आपट्याची पाने आणायला जावे असे रान आता इमारतींच्या मागे लांब सरकले आहे. घरी वळलेल्या विडीऐवजी पुडी आली, आणि निराधार योजनेच्या पैशांतला वाटा तिच्यावर जाऊ लागला.

आरोग्यशिबिरांतल्या फलकांवर सडलेली तोंडे असतात. ती पाहून म्हातारे हसतात, कारण चित्रातला माणूस एकटाच असतो. पायथ्याच्या एका पाड्यावरच्या आजीने डॉक्टरांचे ऐकून दोन वर्षांपूर्वी मशेरी सोडली. चंची मात्र दाराजवळच्या खुंटीवर भरलेली असते. स्वतः तोंडात घालत नाही, कोणी आले की सोडते, चुना मळून देते आणि मग विचारते, "कुठून आलास, बाबा?"