रात्रीच्या नौकानयनाची पूर्वतयारी : ‘कमाल’ आणि ताऱ्यांचे मापन

हिंदी महासागरातील मध्ययुगीन नौकानयनाची चर्चा करताना नाविकांच्या उपजत दिशाज्ञानावर भर दिला जातो. उपलब्ध साधने मात्र वेगळे चित्र उभे करतात. खुल्या समुद्रातील रात्रीच्या प्रवासाची सुरक्षितता बव्हंशी प्रस्थानापूर्वीच केलेल्या मोजणीवर अवलंबून असे.

‘कमाल’ म्हणजे मध्यभागी दोरी ओवलेली आयताकृती लाकडी फळी. दोरी दातांत धरून फळीची खालची कड क्षितिजाशी व वरची कड ध्रुवताऱ्याशी जुळवली की ताऱ्याची उंची कळे. इष्ट बंदराच्या अक्षांशाची गाठ दोरीवर आधीच मारलेली असे. त्या गाठीशी उंची जुळेपर्यंत दक्षिणोत्तर प्रवास करावयाचा व नंतर त्याच अक्षांशावरून किनारा गाठावयाचा, अशी ही पद्धती होती. मापाचे एकक ‘इस्बा’, म्हणजे बोट. ते सुमारे १.६ अंशांचे असे.

केवळ गाठ पुरेशी नव्हती. पंधराव्या शतकाच्या अखेरीस ध्रुवतारा खगोलीय ध्रुवापासून सुमारे साडेतीन अंश दूर होता. त्यामुळे वेध कोणत्या वेळी घ्यावा, हे चंद्राच्या २८ नक्षत्रांच्या आधारे ठरवावे लागे. इब्न माजिदच्या ‘किताब अल्-फवाइद’ (सु. १४९०) या ग्रंथात नक्षत्रे, ताऱ्यांच्या उंची, मोसमी वारे आणि किनारा जवळ आल्याच्या खुणा यांचे एकत्रित विवेचन आहे. ते या दृष्टीने अर्थपूर्ण ठरते.

हे ज्ञान केवळ अरबांपुरते मर्यादित नव्हते. १४९८ मध्ये मालिंदीहून कालिकतपर्यंत वास्को द गामाला मार्ग दाखविणारा नाविक गुजराती होता, असे पोर्तुगीज इतिहासकार जुआंव द बारुश याने १५५२ मध्ये नमूद केले. युरोपीय वेधयंत्र पाहून त्या नाविकाला नवल वाटले नाही. खंबायतच्या व हिंदुस्थानातील इतर नाविकांची वेध घेण्याची साधने निराळी असल्याचे त्याने सांगितले. पुढे तुर्की नौसेनानी सीदी अली रईस याने १५५४ मध्ये अरबी नौकाशास्त्रावर आधारित ‘मुहीत’ हा ग्रंथ अहमदाबाद येथे सिद्ध केला.

या पद्धतीला मर्यादाही होत्या. रेखांश मोजता येत नसे. ढगाळ वा क्षितिज न दिसणाऱ्या रात्री कमाल निरुपयोगी ठरे. म्हणूनच प्रस्थानाचा हंगाम निवडणे हाही तयारीचाच भाग होता. नाविकाचे धैर्य निर्विवाद असले, तरी त्यामागील गणिताची दखल घेतल्यावाचून या इतिहासाचे यथार्थ आकलन होणार नाही.