वसईचा तह (१८०२)

वसईचा तह हा दुसरा बाजीराव पेशवा आणि इंग्रज ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसई (सध्याचा पालघर जिल्हा) येथे झालेला तैनाती फौजेचा तह होय. या तहाने पेशव्यांचे परराष्ट्र व्यवहारातील स्वातंत्र्य संपुष्टात आले. गुजरातचा सुलतान बहादूरशाह आणि पोर्तुगीज यांच्यातील १५३४ चा तहही याच नावाने ओळखला जातो. दोहोंची गल्लत करू नये.

पार्श्वभूमी

१८०१ मध्ये बाजीरावाने विठोजी होळकर यांना पुण्यात हत्तीच्या पायी देऊन ठार मारविले. पुढे २५ ऑक्टोबर १८०२ रोजी त्यांचे बंधू यशवंतराव होळकर यांनी हडपसरजवळ शिंदे व पेशवे यांच्या संयुक्त फौजांचा पराभव केला. बाजीराव पुणे सोडून कोकणात उतरला आणि इंग्रजांच्या आश्रयाने समुद्रमार्गे वसईस पोहोचला.

तरतुदी

कंपनीचा रेसिडेंट बॅरी क्लोज याने कंपनीच्या वतीने तह केला. किमान सहा हजार पायदळ व तोफखाना पेशव्यांच्या मुलखात कायम राहावा, त्याच्या खर्चासाठी वार्षिक २६ लाख रुपये उत्पन्नाचा प्रदेश कंपनीस मिळावा, सुरतेवरील हक्क सोडावेत, इंग्रजांशी वैर असलेल्या युरोपीय राष्ट्रांचे लोक चाकरीत ठेवू नयेत, निजाम व गायकवाड यांच्याशी असलेल्या वादांत कंपनीचा निवाडा मानावा, आणि कंपनीला विचारल्यावाचून अन्य सत्तांशी बोलणी करू नयेत, असे ठरले.

न्याय्यतेचा प्रश्न

तहाची भाषा परस्पर मैत्रीची आहे; एकाचा शत्रू तो दुसऱ्याचाही शत्रू मानावा, असे त्यात म्हटले आहे. केवळ कलमे वाचणाऱ्यास तो समान पक्षांतील करार वाटेल. वस्तुतः एक पक्ष राजधानी गमावलेला, तर दुसरा त्याचा आश्रयदाता होता. पूर्वी टाळलेली तैनाती फौज बाजीरावाने या स्थितीत स्वीकारली. १५३४ चा तहही हुमायूनच्या दडपणाखाली असलेल्या बहादूरशाहाने केला होता, हे साम्य लक्षणीय आहे.

तथापि, सारा दोष इंग्रजी कपटावर किंवा एकट्या बाजीरावावर टाकण्याची रीत अपुरी आहे. शिंदे-होळकर वैर आणि विठोजींचा वध यांवाचून हा प्रसंग उद्भवला नसता. इंग्लंडमध्येही तहाविषयी एकमत नव्हते. बोर्ड ऑफ कंट्रोलचा अध्यक्ष कॅसलरे याने त्याच्या उपयुक्ततेविषयी शंका व्यक्त केल्या होत्या.

मराठा मंडळातील सरदारांच्या संमतीवाचून झालेला हा तह शिंदे व भोसले यांनी मानला नाही. मे १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीच्या फौजेच्या पाठबळाने बाजीराव पुण्यास परतला आणि त्याच वर्षी दुसरे इंग्रज-मराठा युद्ध सुरू झाले. असई व अडगाव येथील पराभवांनंतर भोसल्यांना देवगावचा आणि शिंद्यांना सुर्जी-अंजनगावचा तह करावा लागला.

तुलनेसाठी वसईच्याच १७३९ च्या शरणागतीकडे पाहता येते. चिमाजी आप्पांनी दीर्घ वेढ्यानंतर किल्ला जिंकला. मराठ्यांचीही मोठी प्राणहानी झाली होती. तरीही पोर्तुगीज शिबंदीला शस्त्रांसह सन्मानाने बाहेर पडू दिले गेले आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रहिवाशांना धर्माचरणाची मुभा मिळाली. त्या अटीही विजेत्यानेच मान्य केल्या होत्या. मात्र पराभूतांना पुढे आपल्या फौजेचा खर्च भरावयास लावणारे कलम त्यांत नव्हते.

१८०२ च्या तहातील बंधने १३ जून १८१७ च्या पुणे तहाने अधिक कठोर झाली. जून १८१८ मध्ये बाजीराव जॉन माल्कमच्या स्वाधीन झाला. वार्षिक आठ लाख रुपयांच्या तनख्यावर त्याला कानपूरजवळील बिठूर येथे ठेवण्यात आले.