हॅक्सॉ ब्लेडचा तुकडा

जुन्या घराची आवराआवर करताना माळ्यावरून एखादी पत्र्याची पेटी निघते. आत गंजलेले पाने, मूठ फुटलेला स्क्रूड्रायव्हर, क्लच वायरचं वेटोळं, दोन काळेकुट्ट प्लग आणि दोन बोटांएवढा हॅक्सॉ ब्लेडचा तुकडा. बाकीच्या वस्तूंचा उपयोग नातवंडांनाही कळतो, या तुकड्याचा कळत नाही. त्यानं काही कापायचं नव्हतंच. हॅक्सॉचं पातं साधारण ०.६ मिलिमीटर जाड असतं, आणि जुन्या मोटारसायकलींच्या स्पार्क प्लगच्या दोन टोकांमध्ये जवळपास तेवढीच फट लागायची. पातं फटीतून जरासं घासत सरकलं की प्लग बसवायला तयार. हे मोजायला फीलर गेज नावाचं रीतसर हत्यार बाजारात मिळत होतं. पण तुटलेलं पातं फुकट होतं.

महाराष्ट्रातल्या मोटारसायकलीचा इतिहास सहसा कारखाने, मॉडेलं आणि जाहिराती यांच्या अंगानं सांगितला जातो. या पेटीत दुसरा इतिहास आहे, मालकाच्या काळ्या नखांचा. साधारण १९६० ते १९९० या काळात मोटारसायकल बाळगायची म्हणजे अर्धं मिस्त्री व्हावंच लागे. हौस थोडी, नाइलाज जास्त.

गाडीचं मराठी नावच मुळी तिच्या आवाजावरून पडलं: फटफटी. मोटारसायकल हा शब्द कागदोपत्री. गावात, पेठेत, पोरांच्या तोंडी फटफटीच. त्या आधीच्या पिढीत ती विलायती असायची. बीएसए, नॉर्टन, मॅचलेस, ट्रायम्फ. दुसऱ्या महायुद्धात लष्करानं वापरलेल्या गाड्या नंतर बाजारात उतरल्या आणि त्यांची दुसरी, तिसरी आयुष्यं सुरू झाली. दिल्लीत तर लष्करी हार्ले डेव्हिडसनना मागे बाकडी जोडून सवारी वाहतुकीची ‘फटफटी’ बनवली गेली आणि ती चांदणी चौकातून कित्येक दशकं धावली. आपल्याकडे त्या डॉक्टरांकडे, फौजदारांकडे, एखाद्या शौकीन बागायतदाराकडे दिसत.

देशी गाडी आली ती पन्नाशीच्या दशकात. लष्करासाठी आणि पोलिसांसाठी सरकारनं ८०० बुलेट मागवल्या आणि १९५५ मध्ये मद्रासला एन्फिल्ड इंडिया उभी राहिली. सुरुवातीला इंग्लंडहून सुटे भाग यायचे आणि इथे जोडले जायचे. मग मुंबईच्या इराणी कुटुंबानं म्हैसूरला आयडियल जावा काढली आणि १९६१ पासून तिथून चेक बनावटीची जावा बाहेर पडू लागली. पाठोपाठ फरिदाबादच्या एस्कॉर्ट्सनं पोलंडच्या एका गाडीवर बेतलेली राजदूत आणली. पुढची वीसेक वर्षं या तीनच नावांवर निघाली. १९७३ नंतर जावाची येझदी झाली, एवढाच काय तो मोठा फरक. इराणातल्या याझ्द गावावरून पडलेलं हे नाव पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवर इतकं रुळलं, की ते परकं कुणालाच वाटलं नाही.

परमिट राजचे दिवस होते. आकुर्डीच्या बजाज स्कूटरसाठी नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षं थांबत. मोटारसायकलीची रांग तेवढी लांब नसे, पण एकदा आलेली गाडी मोडीत काढायची कल्पनाही कुणी करत नसे. ती वीस वर्षं चालवायची, मग धाकट्या भावाला द्यायची. आणि वीस वर्षं चालवायची तर ती उघडता आली पाहिजे.

म्हणून रविवार. वाड्याच्या चौकात नाहीतर चाळीखाली सकाळी आठ वाजता गाडी स्टँडवर चढायची. बनियन, जुनी पँट, बसायला पाट, शेजारी रॉकेलची वाटी आणि घरातल्या फाटक्या साड्यांच्या चिंध्या. येझदी आणि राजदूत या टू-स्ट्रोक गाड्या. त्यांच्या पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावं लागे, वीसाला एक या हिशेबानं: पाच लिटर पेट्रोलला पाव लिटर ऑइल. पंपावरचा माणूस मापानं ऑइल ओतायचा आणि मालक टाकीचं झाकण लावून गाडी दोन्ही हातांनी गदागदा हलवायचा. ऑइल कमी पडलं तर इंजिन ‘जाम’ व्हायची भीती, जास्त झालं तर मागे निळा धूर आणि प्लगवर काजळी. भीती जास्त असल्यामुळे बहुतेक जण ऑइल सढळ हातानं टाकत. प्लग काळा पडायचा तो त्यामुळेच.

प्लग काढायचा, रॉकेलमध्ये बुडवायचा, तारेच्या ब्रशनं खरवडायचा, पॉलिश पेपरचा हात फिरवायचा, मग ते हॅक्सॉचं पातं. नंतर खरी परीक्षा. प्लग परत कॅपमध्ये खोचून इंजिनाच्या डोक्यावर आडवा ठेवायचा आणि घरातल्या पोराला किक मारायला लावायची. ठिणगी निळी पडली आणि ‘टक’ असा कोरडा आवाज आला तर काम झालं. पिवळट, लालसर पडली तर दोष आणखी आत, पॉइंटमध्ये किंवा कंडेन्सरमध्ये. ती बघायला सगळी डोकी खाली वाकायची, सावलीसाठी कुणीतरी हाताचा आडोसा करायचं. विजेचे प्राथमिक धडे शाळेपेक्षा इथे जास्त पोरांनी घेतले असावेत. निष्काळजीपणे प्लग धरणाऱ्याला तर ते कोपरापर्यंत मिळत.

पॉइंट सेट करणं हे वरच्या इयत्तेचं काम. पॉइंट म्हणजे दोन इवलेसे धातूचे ठिपके; ते उघडतात त्या क्षणी ठिणगी पडते. ते नेमके कधी उघडतात हे ओळखायला सिगरेटचा पातळ कागद लागायचा. कागद दोन ठिपक्यांच्या चिमटीत धरून इंजिन हातानं हळूहळू फिरवायचं. कागद अडकलेला असतो, असतो, आणि अचानक सुटतो. तो क्षण पिस्टनच्या योग्य जागेशी जुळला की टायमिंग बरोबर. सिगरेट न ओढणाऱ्या मालकालाही यासाठी पाकीट बाळगावं लागे, आणि घरात त्यावर विश्वास बसत नसे.

बुलेटचं प्रकरण निराळं. ती फोर-स्ट्रोक, म्हणजे मिश्रणाची कटकट नाही. पण ती चालू करणं हाच एक विधी. हेडलाइटच्या वर ॲमीटरचा काटा असे. चावी फिरवून किक हलकेच दाबत जायचं. काटा उणेकडून मधोमध आला की पिस्टन कॉम्प्रेशनला आला असं समजायचं. मग डाव्या हाताशी असलेला डीकॉम्प्रेसरचा छोटा खटका ओढून किक थोडीशी पुढे सरकवायची, खटका सोडायचा, किक वर येऊ द्यायची आणि मग एकच, सबंध, न कचरता. मध्येच पाय कचरला तर किक उलटी यायची आणि नडगीवर निशाणी ठेवून जायची. त्यातून गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला. दुसऱ्या गाडीवरून आलेला माणूस चौकात ब्रेक म्हणून गिअर दाबायचा. येझदीची गंमत याच्या अगदी उलट: किकचीच दांडी पुढे वळवली की ती गिअरची दांडी व्हायची. नवख्याला गाडी दिली, की तो चालू झाल्यावर गिअर शोधत बसायचा आणि मालक शांतपणे मजा बघायचा.

दुपारपर्यंत गाडी जुळायची. मग मालक हात धुता धुता म्हणायचा, ‘जरा ट्रायल मारून येतो.’

या ट्रायलकडे कुणी नीट पाहिलेलं नाही. मराठी मध्यमवर्गातली निव्वळ मजेसाठी गाडी फिरवण्याची सवय इथूनच आली असावी. पेट्रोल महाग. १९७३ च्या तेलसंकटानंतर तर विनाकारण भटकणं म्हणजे उधळेपणा. पण दुरुस्तीनंतरची ट्रायल हे कारण होतं, आणि कारणाला घरात मान होता. पुण्यातली ट्रायल आधी खडकवासल्यापर्यंत जायची. धरणाच्या भिंतीशेजारी कांदाभजी खाऊन परत. गाडी नीट चालली तर पुढे सिंहगड, कारण चढावर खरी परीक्षा होते असं म्हणता येई. वर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही. पुढे ट्रायलला बायकोही येऊ लागली, मागे एका बाजूला पाय सोडून. तिच्या पदरासाठी मागच्या चाकाला साडी गार्ड. चाकात कपडा अडकू नये म्हणून तिथे आडोसा हवा, हे केंद्रीय मोटार वाहन नियमांतही १९८९ पासून लिहिलेलं आहे. लहान पोर टाकीवर. मोठ्या पोराला दोघांच्या मध्ये घ्यायचं हे मात्र नियमात कुठेच नाही.

या सगळ्या रविवारांमध्ये बायका कडेलाच राहिल्या. चिंध्या त्यांच्या साड्यांच्या, वाटी त्यांच्या स्वयंपाकघरातली, आणि ती परत कधी वापरण्यालायक होत नसे, याचा हिशेब कुणी ठेवला नाही. त्यांच्या हातात स्वतःची गाडी आली ती बहुधा १९७२ मध्ये निघालेल्या फिरोदियांच्या लुनामुळे.

खेडेगावात रविवार वगैरे नव्हता. तिथे राजदूत म्हणजे जनावर. दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या, मागे कडब्याची पेंडी, वर माणूस. पुढे बजाजच्या एम-८० नं तेच काम अंगावर घेतलं. डिझेल स्वस्त म्हणून बुलेटमध्ये छोटं डिझेल इंजिन बसवण्याची टूम निघाली. नंतर एन्फिल्डनंच टॉरस नावाची डिझेल बुलेट काढली. साडेसहा अश्वशक्तीची, कशीबशी पासष्टच्या वेगाला पोचणारी, पण एका लिटरमध्ये सत्तरच्या वर किलोमीटर जाणारी. हादरे असे, की आरशात मागचा रस्ता दिसण्याऐवजी थरथर दिसायची. गोव्यात मोटारसायकल थेट धंद्याला लागली: पिवळ्या मडगार्डची गाडी आणि तिच्यावरचा ‘पायलट’, प्रवासी मागे बसवून हवा तिथे सोडणारा. त्याची गाडी बंद पडली की दिवसाची कमाई बुडाली, म्हणून दुरुस्तीत तो कुणाही पुणेकर हौशीच्या चार पावलं पुढे.

सगळं बदललं ते १९८४-८५ च्या दोन वर्षांत. सरकारनं जपानी कंपन्यांशी भागीदारीला वाट दिली आणि इंड-सुझुकी, हिरो होंडा, यामाहा आरएक्स १००, पाठोपाठ कावासाकी बजाज रस्त्यावर आल्या. हिरो होंडा सीडी १०० च्या जाहिरातीचा मथितार्थ असा होता: टाकी भरा, झाकण लावा, विसरून जा. लोकांनी त्यातलं मायलेज ऐकलं. ‘विसरून जा’ हे शब्द खरे तर जास्त मोठे होते. यातल्या बऱ्याच गाड्यांत पॉइंट नव्हते, त्यांच्या जागी सीडीआयची सीलबंद डबी होती. ती बिघडली तर उघडायची नाही, बदलायची. सिगरेटच्या कागदाचं काम संपलं. आरएक्स १०० टू-स्ट्रोक असूनही तिचं ऑइल वेगळ्या टाकीत होतं, आपलं आपण मिसळणारं. गाडी गदागदा हलवायचीही गरज उरली नाही.

जुन्या मालकांना हा थोडा अपमानच वाटला. ‘खेळण्यातली गाडी’ असं पहिली काही वर्षं ऐकू यायचं. मग त्यांच्याच मुलांनी त्या घेतल्या.

येझदीचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. आरएक्स १०० ही त्याच वर्षी थांबली. २००१ मध्ये बजाजची पल्सर आली आणि आकुर्डी-चाकणचा पट्टा स्कूटरऐवजी मोटारसायकलसाठी ओळखला जाऊ लागला. २००२ मध्ये मुंबई-पुणे एक्सप्रेसवे पूर्ण झाला. त्यावर दुचाकीला मज्जाव आहे. त्यामुळे खंडाळ्याचा जुना घाट, जिथे एकेकाळी ट्रकच्या मागे क्लच जळत असे, तो फटफटीवाल्यांकडे बराचसा मोकळा उरला. आता ट्रायलचं निमित्त लागत नाही. पावसाळ्यात लोणावळ्याकडे निघालेल्या शंभर गाड्यांपैकी किती जणांच्या डिकीत प्लगचा पाना असेल, हे मोजून बघण्यासारखं आहे.

नाना पेठेत सुट्या भागांच्या दुकानांत जुन्या गाड्यांचं सामान विचारणारे अजून येतात. ते बहुधा हौशी असतात, आणि त्यांच्या येझदीला आता घरातल्या गाडीपेक्षा देव्हाऱ्यातल्या वस्तूचा मान असतो. दसऱ्याला सगळ्याच गाड्या धुतल्या जातात, झेंडूचा हार चढतो, चाकाखाली लिंबू जातं. पूर्वी त्या हाराआधी एक दिवस सगळे पाने रॉकेलनं पुसून पाटावर मांडत, कारण पूजा हत्यारांची. आता पाटावर चावी ठेवतात.

१ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे बीएस-६ निकष लागू झाले आणि मोटारसायकलींतून कार्बोरेटरही गेला. पेट्रोल किती सोडायचं हे आता इंजेक्शन ठरवतं. बऱ्याच मॉडेलांची किकही गेली. चोक ओढणं, धावत्या गाडीवर डाव्या हातानं टाकीखालचा कॉक चाचपून ‘रिझर्व्ह’ला लावणं, या हालचाली पुढच्या पिढीच्या हातांना माहीत नसतील. गाडी थंडीत पहिल्या बटणाला सुरू होते, धूर करत नाही, वर्षात दोनदा सर्व्हिसिंगला गेली की पुरते. बॅटरी मात्र साफ बसली तर पेट्रोलचा पंपच फिरत नाही, मग कितीही ढकलली तरी ती चालू होत नाही. सोसायटीतले दोघंतिघं जुन्या सवयीनं धावत येतात, ‘सेकंडला टाक, क्लच सोड’ म्हणत कोपऱ्यापर्यंत ढकलतात, दम खातात. मग कुणीतरी छोटा हत्ती बोलावतं आणि गाडी वर चढवायला कुठे फळी मिळते का, हे शोधायला माणूस धाडतं.