रानवाटेवर हातात काय असावे?

छत्तीसगडातल्या कुम्हारीच्या एका अंगाला खारून नदी आणि पलीकडे रायपूर, दुसऱ्या अंगाला भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या चिमण्या. मुंबई–हावडा लोहमार्ग इथूनच जातो. जंगलाचा विचार करायला ही जागा सोयीची नाही असे कुणी म्हणेल. पण सुट्टीच्या दिवशी भिलाई-दुर्गची तरुण मंडळी इथूनच पूर्वेला बारनवापाराकडे किंवा दक्षिणेला सीतानदी-उदंतीच्या रानांकडे निघतात. त्यांच्यातला एखादा हमखास विचारतो: अस्वल समोर आले तर काय करायचे? बंदूक बरोबर न्यावी का, आणि नेली तर कोणती?

या प्रश्नाला हसू नये. त्याचे उत्तर शोधताना प्राण्याचे वर्तन, शस्त्राची घडण, कायदा आणि रानात राहणाऱ्यांचे पिढीजात शहाणपण असे चार विषय एकत्र येतात. हा अभ्यास मराठीत अजून नीट मांडला गेलेला नाही. म्हणून जो कुणी इकडे वळतो आहे, मग तो प्राणिशास्त्राचा विद्यार्थी असो, वकील असो की वनरक्षक, त्याचे मनापासून स्वागत. प्रत्येकाला पुरेल एवढे काम इथे पडलेले आहे.

आधी जुन्या ग्रंथांविषयी एक सावधगिरी. मध्य भारतातल्या रानांवरचे वाङ्मय समृद्ध आहे. जेम्स फोर्सिथचे ‘द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ १८७१चे, डनबार ब्रँडरचे ‘वाइल्ड ॲनिमल्स इन सेंट्रल इंडिया’ १९२३चे. फोर्सिथने शिकारी रायफलींवर वेगळे पुस्तकही लिहिले होते. स्वातंत्र्यानंतर विद्याचरण शुक्ल यांनी स्थापन केलेली ॲल्विन कूपर ही कंपनी इथल्या जंगलांत शिकारीच्या मोहिमा आखून देत असे. या साऱ्या परंपरेत बंदुकीचा विचार बारकाईने झाला आहे, पण तो शिकाऱ्याच्या बाजूने. शिकारी मचाणावर बसतो, वाऱ्याची दिशा पाहतो, जनावर कोणत्या वाटेने येणार हे त्याला ठाऊक असते, चाप ओढण्याचा क्षण तोच निवडतो. पाठीवर पिशवी लावून चाललेल्या वाटसरूचे सगळेच उलटे असते. क्षण जनावर निवडते. शिकाऱ्याचे उत्तर वाटसरूच्या प्रश्नाला लावणे, ही या विषयातली सर्वांत जुनी चूक मला वाटते.

अस्वलाचेच पाहू, कारण छत्तीसगडच्या पायवाटेवर खरी भीती त्याचीच. त्याची नजर अधू, कानही फारसे तीक्ष्ण नाहीत. नाक मात्र तल्लख. वाळवी उकरण्यात ते गुंगले असेल आणि वारा आपल्याकडून त्याच्याकडे जात नसेल, तर माणूस पाच-दहा पावलांवर येईपर्यंत त्याला पत्ता लागत नाही. मग ते पळत नाही, अंगावर येते, आणि पहिला घाव बहुधा चेहऱ्यावर. एप्रिल १९८९ ते मार्च १९९४ या पाच वर्षांत तेव्हाच्या अखंड मध्य प्रदेशात अस्वलांच्या हल्ल्यांत ७३५ माणसे सापडली. त्यांपैकी ४८ दगावली. पहाटे मोहाची फुले वेचायला गेलेल्यांना आणि तेंदूपत्ता तोडणाऱ्यांना हा धोका नेहमीचा. दहा मीटर अंतर तोडायला अस्वलाला दीड-दोन सेकंद पुरतात. तेवढ्या वेळात खांद्यावरची बंदूक उतरवून, खटका सोडून, नेम धरणे सरावलेल्या माणसालाही कठीण.

आता शस्त्रे. गावात पूर्वापार दिसते ती ठासणीची बंदूक. छत्तीसगडात तिला भरमार म्हणतात. दारू, चिंधी, छर्रे गजाने ठासायचे. एकदा उडाली की पुन्हा भरेपर्यंत सगळे संपलेले असते, आणि पावसाळ्यात दारू सर्दावते. बारा बोअरची दुनळी तिच्याहून कितीतरी भरवशाची आणि जवळच्या अंतरावर जबर, पण वजनदार. आठ तास चालल्यावर ती हातात राहत नाही, पाठीवर जाते. .३१५ची रायफल लांबच्या, स्थिर लक्ष्यासाठी बरी, झुडपातल्या धांदलीसाठी नव्हे. .३२चे रिव्हॉल्व्हर चटकन हाती येते, मात्र त्याची गोळी चवताळलेल्या अस्वलाला जागच्या जागी थांबवील याचा भरवसा धरता येत नाही. हत्तीसमोर तर यांतले काहीच काढू नये. जखमी हत्ती पुढच्या गावावर राग काढतो, आणि त्याची किंमत भलताच कुणीतरी मोजतो. हत्तींचा कळप कुठे आहे ही खबर आधी मिळवणे हेच तिथले संरक्षण, आणि छत्तीसगडातली हाथी मित्र दले तेच काम करतात. २०२१मध्ये इथूनच हत्ती गडचिरोलीत उतरले, तेव्हापासून हा महाराष्ट्राचाही घरचा विषय झाला आहे.

कायद्यापाशी मात्र थांबावेच लागेल, कारण इथे बहुतेकांचा समज उलटा असतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२च्या कलम ३१नुसार लेखी पूर्वपरवानगीशिवाय अभयारण्यात हत्यार नेता येत नाही; राष्ट्रीय उद्यानालाही तोच नियम लागू आहे. शस्त्र परवाना खिशात असला तरी त्याने हे दार उघडत नाही. हत्याराच्या व्याख्येत बंदुकीबरोबर धनुष्यबाण आणि चाकूही येतात. कलम ११ स्वसंरक्षणाची मुभा देते: स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना सद्भावनेने प्राणी मारला गेला तर तो गुन्हा नाही. पण त्याच कलमाला जोडलेली अट पुन्हा पुन्हा वाचावी. त्या वेळी तुम्ही याच कायद्याचा भंग करत असाल, तर ही मुभा तुम्हाला मिळत नाही. म्हणजे विनापरवानगी बंदूक घेऊन अभयारण्यात शिरलेला माणूस आत्मरक्षणाची ढाल फाटकातच गमावून बसतो. विद्यार्थ्यांनी सुरुवात या एका अटीपासून करावी असे मी सुचवीन.

जिथे बंदूक नेण्यास मुभा आहे, तिथला अनुभवही पाहण्यासारखा आहे. अलास्कातल्या अस्वलांशी झालेल्या २६९ चकमकींचा अभ्यास २०१२मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात बंदूक चालवणारे आणि बंदूक जवळ असून न चालवणारे, यांच्या दुखापतींच्या प्रमाणात फरक आढळला नाही. त्याआधी, २००८मध्ये, त्याच अभ्यासकांपैकी काहींनी मिरचीच्या अर्काच्या फवाऱ्याचा हिशोब मांडला होता. तपकिरी अस्वलांच्या बाबतीत तो दहापैकी नऊ वेळा उपयोगी पडला होता. हे आकडे जसेच्या तसे आपल्या रानाला लावू नयेत. तिथली अस्वले वेगळी, मोकळ्या मैदानातल्या भेटीही वेगळ्या. पण विचार कोणत्या दिशेने न्यावा हे त्यातून कळते.

आपल्याकडचे उत्तर मोहाखाली वाकलेल्या बायांकडे आणि लाकडाला जाणाऱ्या माणसांकडे आहे. ते एकटे जात नाहीत. मोठ्याने बोलतात, खोकतात, काठी आपटत चालतात. हातात लाठी, खांद्यावर टंगिया, म्हणजे कुऱ्हाड. लाठीने अस्वल मरत नाही. दातांत आणि चेहऱ्यात हातभर अंतर राहिले तरी खूप झाले. सुंदरबनात १९८६च्या सुमारास डोक्यामागे मुखवटे बांधून वाघाला चकवण्याचा प्रयोग झाला. तोही याच जातीचा: जनावराला मारण्याआधी त्याच्या वागण्याचा विचार करणारा.

या क्षेत्रात नवीन येणाऱ्याने हल्ल्याचा पंचनामा वाचावा, आणि मग हल्ल्यातून वाचलेल्या माणसाकडे जाऊन त्यात न लिहिलेले विचारावे: वारा कुठून होता, पहिल्यांदा दिसले तेव्हा अंतर किती होते, बरोबर कोण होते, कुणी बोलत होते की सगळे गप्प होते, हातात काय होते आणि ते वापरता आले का. अशी शंभर उत्तरे एका वनविभागातून जरी नीट नोंदली गेली, तरी लाठीची लांबी, फवाऱ्याची उपयुक्तता आणि बंदुकीची मर्यादा यांवर आपल्याला आपल्याच रानाच्या आधाराने बोलता येईल.