सी ९३३३ गो : गोरेगावच्या हॅमस्टरची गोष्ट

मागच्या वेळी म्हटलं होतं की पुढचा भाग किल्ल्यांवर करू. ते आज राहू द्या. मध्येच ताईचा फोन आला आणि मी भलत्याच वाटेला लागलो.

ताई पारनेर तालुक्यात असते. तिची मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीला आहे. शाळेत जंताची गोळी वाटणार होते आणि ताईच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मेसेज फिरत होता की ही गोळी धड तपासलेलीच नाही, खेड्यातल्या पोरांवर प्रयोग चाललेत. ताई म्हणाली, "तू एवढा शिकलायस ना, मग सांग, देऊ का नको?" आता मी बीटेक, दिवसभर कोडमधले बग शोधतो. जंतांतलं मला काय कळतंय? तरी म्हटलं, एक दिवस थांब. आणि रात्री वाचत बसलो.

माझा प्रश्न साधा होता. जंतावरचं औषध तपासतात तरी कसं? तापाच्या औषधाचं समजू शकतो. पण आतड्यात राहणारा किडा प्रयोगशाळेत आणायचा कुठून, ठेवायचा कुठे?

उत्तर शोधता शोधता मी पोचलो थेट गोरेगावला. मुंबईचं गोरेगाव, आरे कॉलनीच्या बाजूचं.

१९६३ साली सिबा या स्विस कंपनीनं तिथे संशोधन केंद्र उघडलं. उद्घाटनाला पंतप्रधान नेहरू आले होते. संचालक होते टी. आर. गोविंदाचारी, मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजमधून आलेले रसायनशास्त्रज्ञ. परदेशी कंपन्या तेव्हा भारतात गोळ्या बनवायच्या, विकायच्या, पण नवं औषध इथेच शोधायचं म्हणजे मोठी गोष्ट होती. आणि शोधायचं तर इथल्या रोगांवर, म्हणून यादीत जंत आले.

त्यातला एक जंत म्हणजे हुकवर्म, पुस्तकी मराठीत अंकुशकृमी. हा सहसा तोंडावाटे येत नाही. उघड्यावर शौचाला बसलं की अंडी मातीत जातात, त्यातून अळी निघते आणि अनवाणी चालणाऱ्याच्या पायाची कातडी भेदून आत शिरते. मग रक्तातून फुप्फुसात, तिथून घशात, गिळली की आतड्यात. तिथे आतल्या अस्तराला चावून रक्त पीत बसते. किडा जेमतेम एक सेंटिमीटरचा, रोज पितो ते थेंबभरसुद्धा नाही. पण असे शंभर-दोनशे असतील आणि वर्षानुवर्षं असतील, तर? शेतात राबणाऱ्या बाईचं हिमोग्लोबिन का चढत नाही याचं एक कारण हेही असू शकतं. आमच्या आज्जीच्या पिढीत याला "अंगात रक्तच नाही" म्हणायचे आणि विषय संपायचा.

आता खरी अडचण बघा. माणसाचा हुकवर्म माणसातच सुखानं राहतो, उंदरात धड वाढत नाही. म्हणून शास्त्रज्ञ काय करायचे, तर उंदराचा वेगळाच जंत घ्यायचे, कुत्र्याचा हुकवर्म घ्यायचे आणि त्यावर औषध चालवून बघायचे. आमच्या धंद्यात यावर एक जुना विनोद आहे, "माझ्या लॅपटॉपवर तर चालतंय!" उंदराच्या जंतावर चाललेलं औषध माणसाच्या जंतावर चालेलच, असं कोण सांगणार?

१९६७ साली गोरेगावच्या एच. जी. सेन आणि डी. सेठ यांनी 'नेचर'मध्ये एक छोटासा लेख छापला. माणसाचा हुकवर्म, त्याचं नाव नेकेटर अमेरिकॅनस, त्यांनी सोनेरी हॅमस्टरमध्ये पूर्ण वाढवला होता, अळीपासून अंडी घालणाऱ्या किड्यापर्यंत. युक्ती अशी की मोठे हॅमस्टर न घेता नुकती जन्मलेली पिल्लं घ्यायची. त्यांच्यात जंत तग धरतो. मग त्याच्या अंड्यांतून निघालेल्या अळ्या पुढच्या पिल्लांना द्यायच्या, त्यांच्या अळ्या त्याच्या पुढच्यांना. पिढ्या जातात तसा जंत नव्या घरात रुळतो. (सोनेरी हॅमस्टरचीही एक गंमत आहे. १९३० साली सीरियातल्या अलेप्पोजवळ एक मादी आणि तिची पिल्लं सापडली. जगभरच्या प्रयोगशाळांतले हॅमस्टर जवळपास सगळे त्याच घराण्यातले.)

मला हे वाचून थांबावंसं वाटलं. औषध अजून सापडलेलंही नाही. यांनी आधी औषध तपासायची जागा तयार केली. आमच्या भाषेत सांगायचं तर स्टेजिंग सर्व्हर उभा केला. या कामाचं कौतुक कोणी करत नाही, हे मी अनुभवानं सांगतो.

पुढचं काम चिकाटीचं. हॅमस्टरना जंत द्यायचा, काही आठवडे वाढू द्यायचा. अर्ध्यांना नवं रसायन, अर्ध्यांना काहीच नाही. मग प्राणी मारून आतडं उघडायचं आणि किडे एकेक करून मोजायचे. दोन्ही गटांच्या आकड्यांत फरक नसेल तर रसायन बाद. पुढचं घ्या.

अशा चाळणीतून एक रसायन वर आलं, सी ९३३३ गो. हा 'गो' कुठला? गोरेगावचा! कंपनीत तयार होणाऱ्या रसायनांच्या नंबरामागे गावाची खूण लावायचे. बासेलचं असेल तर 'बा', अमेरिकेतल्या समिटचं असेल तर 'सु', आणि आपलं 'गो'. नंतर त्याला अमॉस्कॅनेट हे नाव मिळालं. १९७६ मध्ये त्यावरचे लेख आले तेव्हा लोक चकित झाले, कारण ते आतड्यातल्या जंतांवर चालत होतं, हत्तीरोगाच्या जातीच्या कृमींवर चालत होतं आणि रक्तवाहिन्यांत राहणाऱ्या शिस्टोसोमावरही. या शिस्टोसोमाचा माणसातला भारतातला प्रसिद्ध अड्डा म्हणजे आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातलं गिमवी. १९५२ साली गाडगीळ आणि शहा यांनी तो जगापुढे आणला होता. १९७७ मध्ये हुकवर्मच्या रुग्णांवरच्या चाचण्यांचे निकालही छापून आले. त्या लेखकांत सेन होतेच.

इथवर वाचताना माझी छाती फुगली होती. गोरेगावची गोळी जगभर जाणार! पण मग माझ्या भाचीच्या शाळेत ती का नाही?

कारण ती पुढच्या चाळणीत अडकली. जिवाणूंवरच्या चाचणीत दिसलं की हे रसायन जनुकांत बदल घडवतं, म्हणजे पुढे कॅन्सरची भीती. चीनमध्ये हेच रसायन शिस्टोसोमाच्या रुग्णांना दिलं गेलं आणि तिथे यकृताला त्रास झाला, कावीळ झाली. हॅमस्टरनं 'जंत मरतो' एवढंच सांगितलं होतं आणि ते खरंच होतं. 'माणूस सुखरूप राहतो' हे त्याला विचारलंच नव्हतं. त्याच्याशी नातं असलेलं अमोकार्झिन नावाचं एक रसायन नदीअंधत्वाच्या कृमीवर लॅटिन अमेरिकेत तपासलं गेलं, पण तोवर आयव्हरमेक्टिन आलं होतं, १९८७ पासून फुकट वाटलंही जात होतं. गोरेगावचं केंद्रही पुढे बंद पडलं.

मला याची चुटपुट लागली, खोटं कशाला बोलू. एवढी वर्षं खपून हातात बाजारातली एक गोळीही नाही. पण हॅमस्टर टिकला. सेननी त्यावर पुढे जुनी-नवी औषधं शेजारी शेजारी ठेवून तपासली, १९८१ मध्ये ते छापलं. आणि अगदी अलीकडे हुकवर्मवर नवी औषधं शोधणाऱ्या बासेलच्या संशोधकांनीही नेकेटर ठेवला तो हॅमस्टरमध्येच. सिबाचं मुख्यालय होतं त्याच बासेलमध्ये!

नवी औषधं अजून का शोधायची, हे आमच्याकडच्या मेंढपाळांना विचारा. मेंढ्यांना वर्षानुवर्षं तोच तो जंताचा डोस पाजला की जंत त्याला दाद देईनासे होतात. मेंढ्यांत हे जगभर झालंय, आपल्याकडेही. माणसांत त्याच गटातलं औषध लाखो मुलांना देतोय आपण, तेव्हा हाताशी दुसरं काहीतरी हवं.

शाळेतली ती गोळी म्हणजे अल्बेंडाझोल, ४०० मिलिग्रॅम, १९७० च्या दशकात शोधलेली. आधी जनावरांत वापरली, मग माणसांत, आणि आता कित्येक दशकं जगभर. हुकवर्मवर एका डोसात चांगली चालते. कोणाच्या पोटात थोडं दुखतं, मळमळतं, विशेषतः पोटात जंत जास्त असतील तर. मूल आजारी असेल तर त्या दिवशी देत नाहीत, आणि चावून खायला सांगतात म्हणजे घशात अडकत नाही. एवढं सगळं वहीत लिहून दुसऱ्या दिवशी सकाळी मी ताईला फोन लावला. म्हटलं, ऐक, गोरेगावला एक लॅब होती...

ती म्हणाली, "अरे, आशाताई कालच घरी येऊन गेल्या. त्यांनी सगळं समजावलं. आज शाळेत देतायत, मी हो म्हटलंय. पण तू सांग, त्या हॅमस्टरचं पुढे काय झालं?"