साधा सोडा की डाएट कोल्ड्रिंक? बाटली उघडण्याआधी लेबल उलटून बघा

बेळगाव : लग्नसराईतली दुपार. पंगत लांबलेली. आमचे एक मामा सकाळी इन्सुलिन घेऊन आलेले आणि अक्षता पडेपर्यंत नुसत्या चहावर बसलेले. दीडच्या सुमाराला त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले, बोलणं अडखळायला लागलं. शुगर उतरली हे मामींनी बरोबर ओळखलं आणि "काहीतरी गोड आणा लवकर" म्हणून ओरडल्या. कॉलेजात शिकणारा घरातलाच एक पोरगा धावत जाऊन थंडगार बाटली घेऊन आला. "शुगरवाल्यांची डाएटच आणलोय ओ मामा, घ्या."

मामांनी अर्धी बाटली संपवली. दहा मिनिटं गेली तरी काही फरक नाही. शेवटी आचाऱ्याकडून साखर आणली, पाण्यात विरघळवून पाजली, तेव्हा कुठे मामा भानावर आले.

पोराचा हेतू चांगलाच होता. पण शरीराला साखर हवी होती त्या वेळी त्याने नेमकी साखर नसलेली बाटली आणली. 'डाएट म्हणजे शुगरवाल्यांचं', 'सोडा म्हणजे पोटाला चांगला' अशा समजुतींवर आपण बाटली उचलतो. आत काय आहे ते बघत नाही. म्हणून साधा सोडा आणि डाएट कोल्ड्रिंक यांत फरक काय, कोणी काय घ्यावं आणि कधी दोन्ही घेऊ नये, याची ही माहिती.

आधी नावांचा घोळ सोडवू

आपल्याकडे 'सोडा' या एका शब्दात चार-पाच वस्तू येतात.

साधा सोडा म्हणजे पाण्यात दाबाने मिसळलेला कार्बन डायऑक्साइड. मॉलमध्ये यालाच 'स्पार्कलिंग वॉटर' म्हणतात. बाटलीबंद क्लब सोड्यात बऱ्याचदा सोडियम बायकार्बोनेटसारखा क्षारही असतो. साखर नाही, कॅलरी शून्य.

गोटी सोडा हाही मुळात तोच. मानेत काचेची गोटी असलेली ही बाटली हायरम कॉड या इंग्रज माणसाने काढली, १८७२ साली तिचं पेटंट घेतलं. आतल्या गॅसचा दाब गोटीला वर ढकलतो आणि ती रबराच्या चकतीला घट्ट बसते. झाकण लागतच नाही.

लिंबू सोडा, जिरा सोडा, मसाला सोडा यांचा हिशेब वेगळा. गाड्यावर "गोड की खारा?" असं विचारतात तिथेच फरक पडतो. गोड म्हटलं की दोन-तीन चमचे साखर आली, खारा म्हटलं की मीठ आलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार मोठ्या माणसाने दिवसभरात सगळं मिळून ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे छोट्या चमच्याहून कमीच मीठ खावं. त्यातलं बरंचसं एका ग्लासात गेलं तर बीपीवाल्यांनी काय करायचं?

टॉनिक वॉटर दिसतं सोड्यासारखं, पण साध्या टॉनिकमध्ये क्विनाइनबरोबर साखरही असते. सोडा समजून घेऊ नका.

आणि डाएट किंवा झिरो कोल्ड्रिंक म्हणजे साखरेऐवजी कृत्रिम गोडवा घातलेलं पेय. रंग, वास, आम्ल, बऱ्याच कोलांमध्ये कॅफिन, हे सगळं नेहमीच्या कोल्ड्रिंकसारखंच.

साखरेच्या कोल्ड्रिंकशी तुलना

नेहमीच्या कोलात १०० मिलीला साधारण साडेदहा ग्रॅम साखर असते. म्हणजे ३०० मिलीच्या बाटलीत ३० ग्रॅमच्या वर, चहाचे सहा-सात चमचे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली वरून घातलेल्या साखरेची मर्यादा सांगितली. दिवसाच्या एकूण कॅलरीच्या १० टक्क्यांपेक्षा कमी, आणि जमलं तर ५ टक्क्यांच्या आत. ५ टक्के म्हणजे साधारण २५ ग्रॅम. एका बाटलीतच ती ओलांडली.

त्यामुळे रोज साखरेचं कोल्ड्रिंक पिणारा माणूस डाएटवर आला तर साखर नक्की कमी होते, हे मान्य करायलाच हवं. पण पुढचा प्रश्न असा की डाएटवर थांबायचं की तिथून साध्या सोड्यावर, पाण्यावर यायचं?

लेबलवरचे आकडे

बाटलीच्या मागे बारीक अक्षरात आकडे असतात. ९५० म्हणजे एसिसल्फेम पोटॅशियम, ९५१ म्हणजे अस्पार्टेम, ९५४ सॅकरीन, ९५५ सुक्रालोज आणि ९६० म्हणजे स्टीव्हियाच्या पानांपासून मिळणारा गोडवा. अस्पार्टेम साखरेच्या सुमारे २०० पट गोड, सुक्रालोज ६०० पट. म्हणून चिमूटभर पुरतं. ३३८ म्हणजे फॉस्फोरिक आम्ल, ३३० सायट्रिक आम्ल, २११ सोडियम बेंझोएट. साध्या सोड्यावर फार तर २९० म्हणजे कार्बन डायऑक्साइड आणि ५०० म्हणजे सोडियमचा क्षार दिसेल.

अस्पार्टेम असलेल्या बाटलीवर फिनाइलकीटोन्युरिया असलेल्यांसाठी इशारा असतो. हा जन्मजात आणि दुर्मिळ आजार आहे. अशा रुग्णाला अस्पार्टेममधला फिनाइलॲलनिन हा घटक पचवता येत नाही. घरात असं मूल असेल तर हा इशारा कधीच नजरेआड करू नका.

कॅन्सरची बातमी खरी किती?

जुलै २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अस्पार्टेमला 'कॅन्सरकारक असण्याची शक्यता' या २-बी गटात टाकलं. मोबाइलवर मेसेज फिरले, लोक घाबरले. त्या गटाचा अर्थ एवढाच की पुरावा मर्यादित आहे. किती प्यायल्यावर धोका, हे तो गट सांगत नाही.

ते सांगणाऱ्या दुसऱ्या तज्ज्ञ समितीने त्याच वेळी जुनी मर्यादा कायम ठेवली. शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला ४० मिलिग्रॅम. एका कॅनमध्ये २०० ते ३०० मिलिग्रॅम अस्पार्टेम धरलं, तर ७० किलोच्या माणसाला ही मर्यादा ओलांडायला दिवसाला ९ ते १४ कॅन प्यावे लागतील. म्हणजे लग्नात एक डाएट प्यायलात म्हणून झोप उडवून घ्यायची गरज नाही. लहान मुलाचं वजन कमी, त्याची मर्यादाही त्याच प्रमाणात खाली येते, हे मात्र ध्यानात ठेवा.

वजन उतरतं का?

मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सल्ला दिला की वजन आटोक्यात ठेवण्याचा उपाय म्हणून साखरेविना गोडव्याचे पदार्थ वापरू नयेत. थोड्या दिवसांच्या प्रयोगांत वजन किंचित उतरलेलं दिसतं, पण लांबचा फायदा दिसत नाही. उलट वर्षानुवर्षं घेणाऱ्यांमध्ये टाइप-२ मधुमेह आणि हृदयविकाराचं प्रमाण जास्त आढळलं. आता हे डाएटमुळे झालं, की आधीच वजन वाढलेले लोक डाएटकडे वळतात म्हणून तसं दिसतं, याचा पूर्ण उलगडा झालेला नाही. म्हणूनच हा सल्ला 'सशर्त' आहे. आणि ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांना तो लागू नाही, हेही त्यात स्पष्ट म्हटलंय.

व्यवहारात आणखी एक गोष्ट दिसते. "डाएट घेतलंय की" म्हणत बाजूला कुंद्याच्या दोन वड्या जास्त जातात. वाचवलेला खर्च दुसऱ्या खात्यात टाकल्यावर ताळेबंद तोच राहतो. शिवाय जिभेची गोडाची सवय डाएटने सुटत नाही. साध्या सोड्याची चव पहिले आठ दिवस बेचव लागते, मग तोच बरा वाटायला लागतो.

दात, हाडं आणि पोट

दातांवरचं एनॅमल साधारण साडेपाच पीएचच्या खाली झिजायला सुरुवात होते. साधा सोडा पाच-साडेचारच्या आसपास, म्हणजे सौम्य आंबट. डाएट कोला तीनच्या आसपास, बराच जास्त आंबट. साखर नाही म्हणून कीड कमी लागेल, पण आम्लाने झीज होतेच. घोट घोट करत तासभर पिणं दातांना सगळ्यात वाईट. सोड्यात लिंबू पिळलं की त्याचाही आंबटपणा वाढतो.

गॅसच्या पेयांनी हाडं ठिसूळ होतात असं सरसकट म्हणतात. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅमच्या २००६ च्या अभ्यासात कोला पिणाऱ्या बायकांच्या खुब्याच्या हाडांची घनता कमी आढळली, डाएट कोलाचंही तसंच. कोला सोडून इतर गॅसच्या पेयांबाबत असा संबंध दिसला नाही. म्हणजे बुडबुड्यांना दोष देता येत नाही. किडनीचा आजार असलेल्यांनी ३३८ आकडा असलेली पेयं डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

आता ढेकर. जेवण जड झालं, सोडा घेतला, ढेकर आला, बरं वाटलं. पण तो ढेकर बहुतेक आताच प्यायलेल्या गॅसचाच असतो. ज्यांना छातीत जळजळ, आंबट पाणी वर येणं हा त्रास आहे, त्यांचा त्रास दोन्ही पेयांनी वाढू शकतो.

कराचा हिशेब

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे नवे दर लागू झाले. साखर, दुसरा कुठलाही गोडवा किंवा फ्लेवर नसलेल्या साध्या सोड्यावरचा कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. गोडवा किंवा फ्लेवर घातलेल्या सोड्याच्या पेयांवर ४० टक्के. पूर्वी २८ टक्के कर आणि १२ टक्के उपकर होता, आता सरळ ४०.

यात डाएटला सूट नाही. कायद्यात 'साखर किंवा इतर गोडवा' असं म्हटलंय, त्यामुळे डाएट आणि साखरेचं कोल्ड्रिंक एकाच रांगेत. म्हणजे शंभर रुपयांच्या मालावर साध्या सोड्याला ५ रुपये कर, डाएटला ४० रुपये. रोज एक बाटली घेणाऱ्या घराने महिन्याचा हिशेब स्वतः मांडून बघावा.

कोणी काय घ्यावं?

रोजच्या तहानेला पहिलं पाणी. बुडबुडे हवेच असतील तर साधा सोडा.

रोज साखरेचं कोल्ड्रिंक पिणाऱ्याने डाएट ही मधली पायरी समजावी. काही आठवडे डाएट, मग एक दिवस डाएट आणि एक दिवस सोडा, मग नुसता सोडा.

मधुमेह असेल तर साधा सोडा उत्तम. कधीमधी डाएट चालतं, त्याने शुगर लगेच चढत नाही. गोड लिंबू सोडा मात्र नको.

बीपी असेल तर खारा सोडा टाळा, क्लब सोड्याच्या लेबलवर सोडियम किती ते बघा.

लहान मुलांना डाएट देऊ नका. दूध, ताक, पाणी पुरे.

गोटी सोडा घेताना पाणी कुठलं, बर्फ कुठला, बाटली धुतात कशी हे बघा. बाटलीबंद मालावर एफएसएसएआयचा १४ आकडी परवाना क्रमांक असतो, तो तपासा.

या वेळी दोन्ही नको

पहिली वेळ, शुगर उतरल्यावर. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं होणं आणि रीडिंग ७० च्या खाली. माणूस शुद्धीत असेल तर लगेच १५ ग्रॅम साखर द्या, म्हणजे तीन चमचे साखर पाण्यात, किंवा साखरेचं नेहमीचं कोल्ड्रिंक १५० मिली. १५ मिनिटांनी पुन्हा तपासा, कमीच असेल तर पुन्हा द्या. डाएट आणि साधा सोडा इथे निरुपयोगी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखाना.

दुसरी वेळ, छातीत दुखल्यावर. "गॅस असेल, सोडा दे" म्हणत अर्धा तास घालवणारे आपल्या आजूबाजूला कमी नाहीत. छातीवर दाब, घाम, दुखणं हातात किंवा जबड्याकडे जाणं ही हार्ट अटॅकची लक्षणं असू शकतात. ढेकर आला म्हणून धोका टळला असं होत नाही. १०८ ला फोन करा. हा नंबर कर्नाटक, महाराष्ट्र आणि गोवा तिन्हीकडे चालतो.

तिसरी वेळ, जुलाब-उलट्या झाल्यावर. तिथे ओआरएसच हवं.

आमचे मामा आता बरे आहेत. खिशात कायम साखरेची पुडी असते. आणि तो पोरगा हल्ली कुठलीही बाटली उचलली की आधी मागची बाजू वाचतो, मगच पुढे करतो. तुम्हीही एवढंच करा.